एकदा चुकता झालेला कर : मोरगावच्या इनामापासून ‘रॉथ’ खात्यापर्यंत

१/
भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. बारामती तालुक्यात कऱ्हेच्या काठी मयूरेश्वराचे हे देऊळ उभे आहे. चार कोपऱ्यांवर मिनारांसारखे स्तंभ, भोवती उंच तट, आणि अष्टविनायकांतले पहिले स्थान हा मान. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक यांची व्यवस्था चिंचवड देवस्थानाकडे आहे. पालखी, पूजा, नैवेद्य, अन्नदान यांचा खर्च शतकानुशतके कशातून चालला, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर एका शब्दात देता येते : इनाम. आणि इनामाचा इतिहास हा मुळात कराचा इतिहास आहे.

२/
या धाग्याचा प्रश्न साधा आहे. एखाद्या मालमत्तेवरचा सरकारचा हिस्सा एकदा चुकता झाला, तर पुढे दुसऱ्यांदा मागणी येऊ नये म्हणून काय लागते? हा प्रश्न १८५२ साली पुणे जिल्ह्यातल्या इनामदारापुढे होता. १८७५ साली सुप्याच्या कर्जदार शेतकऱ्यापुढे होता. २०२१ पासून तो भविष्य निर्वाह निधीत जास्तीची रक्कम भरणाऱ्या नोकरदारापुढे आहे. अमेरिकेत राहणारे मराठी कुटुंब निवृत्तीची करोत्तर बचत ‘रॉथ’ खात्यात हलवते, तेव्हा त्याच्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

३/
आधी इनाम म्हणजे काय ते पाहू. जमिनीचा सारा हे मराठी राज्याच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. राजाने इनाम दिले म्हणजे पुष्कळदा जमिनीपेक्षा त्या जमिनीवरचा आपला हिस्सा सोडून दिला. सारा सरकारात भरण्याऐवजी तो देवाकडे, विद्वानाकडे, लढवय्याकडे किंवा गावकामगाराकडे जाई. म्हणजे इनाम ही करमाफीच होती, आणि तिचा पुरावा म्हणजे सनद. चिंचवडच्या देव घराण्याला छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात अशी इनामे मिळाली. या घराण्याचे कागद इतके विपुल आहेत की, घराणे आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांवर लॉरेन्स प्रेस्टन यांना १९८९ साली एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध करता आला.

४/
त्या काळी आजच्या अर्थाचे निवृत्तिवेतन नव्हते. म्हातारपणाची, विधवेची, पुढच्या पिढीची तरतूद व्हायची ती वतन, इनाम आणि वर्षासन यांतून. म्हणून इनामाचा कागद घरात दागिन्यांइतका जपला जाई. त्यात तीन गोष्टी निर्णायक असत. दान कोणी दिले? किती दिले? आणि किती काळासाठी दिले, हयातीपुरते की वंशपरंपरेने? पहिल्या दोन बाबींवर सहसा वाद होत नसे. तिसऱ्या बाबीवर मात्र घराणी उभी राहत आणि कोसळत.

५/
याचे सर्वांत गाजलेले उदाहरण खुद्द पेशव्यांचे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि त्याला वर्षाला ८ लाख रुपयांची नेमणूक ठरली. १८५१ च्या जानेवारीत तो बिठूरला वारला. दत्तक पुत्र नानासाहेबाने नेमणूक पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. कंपनी सरकारने ती बाजीरावाच्या हयातीपुरतीच होती असे ठरवून मागणी फेटाळली. कराराच्या शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, हे त्या दिवशी देणाऱ्याने ठरवले. घेणाऱ्याच्या हाती उरला तो अर्ज.

६/
आता पुणे जिल्ह्याकडे वळू. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जुनी इनामे आणि देवस्थानांची उत्पन्ने शक्यतो चालू ठेवण्याचे धोरण स्वीकारले. नव्या राज्याला शांतता हवी होती. पण १८३६ साली मोरगावच्या शेजारी, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी आणि आकारणी सुरू केली. शेताचे क्षेत्र, मातीचा पोत, त्यावरून ठरलेला आकार आणि ३० वर्षांची मुदत, अशी ती पद्धत. पुढे तीच मुंबई इलाख्यात पसरली.

७/
या मोजणीचा एक परिणाम सहज ध्यानात येत नाही. प्रत्येक शेताला आकार ठरला, तसा सारामाफ जमिनीचाही आकार कागदावर आला. ‘या इनामापायी सरकारचे दरसाल इतके रुपये बुडतात’ हे आता आकड्यात दिसू लागले. जे पूर्वी दानधर्माच्या भाषेत बोलले जाई, ते आता जमाखर्चाच्या भाषेत बोलले जाऊ लागले. करमाफीची किंमत मोजता आली, की तिचा जाब विचारण्याचा दिवस दूर राहत नाही. हा नियम पुढेही भेटणार आहे.

८/
तो दिवस इनाम कमिशनच्या रूपाने आला. १८४० च्या दशकात दक्षिण महाराष्ट्रात चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने तिला पक्के अधिष्ठान मिळाले. इनामदाराने आपला हक्क कागदाने सिद्ध करायचा होता. मूळ दान कोणाचे, दाता ते देण्यास अधिकारी होता काय, वहिवाट किती पिढ्यांची, मध्ये खंड पडला काय, हे सारे विचारले जाई. पुराव्याचा भार धारकावर होता. वाळवीने खाल्लेली सनद, पुरात गेलेले दप्तर, भाऊबंदकीत हरवलेला कागद ही सबब ठरत असे, पुरावा ठरत नसे.

९/
अनेकांच्या जमिनी खऱ्याच इनाम होत्या, पण कागद नव्हता. काहींचे कागद होते, पण बनावट होते. दोघांना एकाच दारातून जावे लागले. मुंबई इलाख्यात या चौकशीने जो असंतोष पसरला, त्याची गणना १८५७ च्या पार्श्वभूमीत केली जाते. सरकारचीही कोंडी झाली होती. एकेका इनामाची चौकशी करायची तर वर्षे जात आणि लेखनिकांचा खर्च वाढे. चौकशी सोडून द्यावी तर सारा बुडे.

१०/
यातून निघालेला तोडगा म्हणजे १८६३ चे ‘समरी सेटलमेंट’चे कायदे. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा कायदा या भागाला महत्त्वाचा. ज्यांच्या हक्काचा औपचारिक निकाल झालेला नाही, अशा धारकांपुढे सरकारने सौदा ठेवला. हक्क सिद्ध करीत बसण्याऐवजी ठरावीक रक्कम दरसाल द्यायला कबूल व्हा. सरकार ती जमीन तुम्हाला, तुमच्या वारसांना आणि तुमच्याकडून घेणाऱ्यांना कायमची राखून देईल. ज्याला पुराव्याची खात्री असेल त्याने चौकशीला सामोरे जावे. ज्याला नसेल त्याने पैसे भरून निर्धास्त व्हावे.

११/
हिशेब असा होता. जमिनीच्या पूर्ण आकाराचा चौथा हिस्सा जुडी म्हणून द्यायचा. शिवाय वारसा आणि हस्तांतरण यांवरच्या सरकारी हक्काबद्दल नजराणा म्हणून दर रुपयामागे एक आणा. समजा, एखाद्या इनाम जमिनीचा पूर्ण आकार १६ रुपये आहे. जुडी ४ रुपये, नजराणा १६ आणे म्हणजे १ रुपया. एकूण ५ रुपये. उरलेले ११ रुपये कायमचे माफ. आणि वारसाची नोंद करताना किंवा जमीन विकताना सरकार आडवे येणार नाही.

१२/
संशयास्पद हक्क निश्चित हक्कात बदलला गेला, आणि त्या बदलाची किंमत कराच्या रूपाने मोजली गेली. सरकारने हा सौदा का केला, हेही स्पष्ट आहे. उद्याच्या संपूर्ण साऱ्याची अनिश्चित आशा धरण्यापेक्षा आजची निश्चित जुडी बरी. इनामदाराच्या बाजूने पाहिले तर उद्याच्या संपूर्ण साऱ्याच्या भीतीपेक्षा आजची थोडी जुडी बरी. दोघांनीही भविष्याची किंमत लावली आणि ती कागदावर उतरवली.

१३/
देवस्थानांचा प्रकार निराळा ठेवला गेला. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या वतीने धारण केलेल्या जमिनी विक्री, दान, मृत्युपत्र किंवा अन्य कोणत्याही मार्गाने संस्थेकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणार नाहीत, असे त्याच कायद्यात आले आणि त्यांवर नजराणाही बसवला गेला नाही. जे हस्तांतरित होणारच नाही त्यावर हस्तांतरणाचा नजराणा कसला, हा त्यामागचा विचार. मोरगावसारख्या स्थानांच्या दृष्टीने हा भेद मोलाचा होता. देवाची जमीन देवाकडेच राहिली, पण ती पुजाऱ्याची किंवा व्यवस्थापकाची खासगी मालमत्ता होऊ शकली नाही. सवलत मोठी, तशी मोकळीक कमी.

१४/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी या कटकटीचे एक गोड फळ आहे. इनामांची शहानिशा करायची तर जुनी दप्तरे हवीत. म्हणून पेशव्यांच्या काळचे हिशेब, ताळेबंद आणि सनदांच्या नकला एकत्र राखल्या गेल्या, रुमालांत बांधल्या गेल्या. आज पुण्यात जे पेशवे दप्तर म्हणून ओळखले जाते, त्याच्या जतनामागे ही कराची चौकशी उभी आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. करवसुलीसाठी जपलेला कागद शंभर वर्षांनी इतिहासाचे साधन बनला.

१५/
कागद नसला म्हणजे काय होते, हे मोरगावच्या जवळच सुप्याला दिसले. १२ मे १८७५ रोजी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे आठवडे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. दख्खनच्या दंग्यांचा हा आरंभ मानला जातो. जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. फेडलेल्या पैशाची पावती मिळत नसे. जुना रोखा फाडला जात नसे, आणि व्याज मिळवून नवा लिहून घेतला जाई. एकदा फेडलेले पुन्हा फेडावे लागण्याचा तो संताप होता.

१६/
सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यातल्या तीन तरतुदी आजच्या वाचकाला ओळखीच्या वाटतील. दिलेल्या पैशाची लेखी पावती, मागितल्यास वर्षाचा हिशेब, आणि पासबुक. बचत खात्याचे वा भविष्य निर्वाह निधीचे वार्षिक विवरण मोबाइलवर पाहणाऱ्या तरुणाला ती सोय तंत्रज्ञानाची देणगी वाटते. ‘भरलेले भरल्यासारखे दिसले पाहिजे’ हा तिच्यामागचा आग्रह मात्र भीमथडीच्या शेतकऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी धरला होता.

१७/
दरम्यान करानेही रूप बदलले. १८५७ च्या खर्चाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सनने १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला. कराचा रोख आता जमिनीबरोबर पगाराकडे वळला. १९२५ साली प्रॉव्हिडंट फंड्स ॲक्ट आला आणि अशा निधीला सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण मिळाले. १९५२ चा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा प्रथम सहा उद्योगांना लागू झाला : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड म्हटले की गिरणगाव आलेच. सुरुवातीला वेतनाच्या सव्वासहा टक्के कामगाराचे आणि तितकेच मालकाचे, असा हा निधी होता.

१८/
निवृत्तीच्या कोणत्याही बचतीला सरकार तीन ठिकाणी भेटू शकते. पैसा आत जाताना, आत वाढताना आणि बाहेर येताना. भारतीय भविष्य निर्वाह निधीची दीर्घकाळची ओळख अशी की, अटी पाळल्या तर तिन्ही ठिकाणी सरकार हात आखडता घेते. १८६३ च्या भाषेत सांगायचे तर ही पगारदाराची सारामाफी. आणि मोजणीचा तो जुना नियम इथेही लागू पडला. करमाफीची किंमत आकड्यात मांडली गेली, की जाब विचारला जातो.

१९/
पहिला प्रयत्न २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात झाला. पुढील काळात भरलेल्या निधीतून पैसे काढताना ६० टक्के भागावर कर लावण्याचा तो प्रस्ताव होता. नोकरदारांत तीव्र नाराजी उमटली आणि ८ मार्च रोजी प्रस्ताव मागे घेतला गेला. बाहेर पडण्याच्या दारावरचा कर टळला. पाच वर्षांनी सरकार मधल्या दाराशी आले. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याने वर्षाला अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त वर्गणी भरली, तर त्या जास्तीच्या वर्गणीवरचे व्याज करपात्र ठरले. जिथे मालकाचा वाटाच नाही, तिथे ही मर्यादा पाच लाखांची.

२०/
येथे जुन्या प्रश्नाने नवे रूप घेतले. कलम ८०ग ची वजावट दीड लाखापुरती होती. अडीच लाखांवरची वर्गणी म्हणजे ज्यावर प्राप्तिकर आधीच भरला गेला आहे असा, करोत्तर पैसा. त्यावरच्या व्याजावर आता कर. पण ३१ मार्च २०२१ पर्यंत साठलेल्या रकमेवरच्या व्याजाला धक्का लावायचा नाही. दोन प्रकारचा पैसा एकाच खात्यात मिसळला तर कोणते व्याज कोणाचे? म्हणून प्राप्तिकर नियमावलीत ९घ हा नियम आला. त्याने एका निधीच्या पोटात दोन हिशेब ठेवायला लावले : करमुक्त वर्गणीचा एक, करपात्र वर्गणीचा दुसरा. खाते एक, वह्या दोन.

२१/
अमेरिकेने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आणि तेथील मराठी घरांत ते आज नित्याचे झाले आहे. १९७८ च्या कायद्यातील ४०१(के) या कलमातून नोकरीच्या ठिकाणची निवृत्ती-बचत वाढली. तिची मूळ रीत अशी की, पैसा आत जाताना कर नाही, बाहेर येताना आहे. १९९७ मध्ये डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने उलटी रीत आली. कर भरलेला पैसा आत टाका. वय आणि पाच वर्षांची अट पाळली तर पुढची सारी वाढ करमुक्त. जुने खाते रॉथमध्ये बदलायचे तर कर आज भरायचा. १९९८ मध्ये बदलणाऱ्यांना तो कर चार वर्षांत विभागून भरण्याची मुभा होती. सरकारला आज महसूल, बचतदाराला उद्याची निश्चिंती. १८६३ चा सौदा ओळखू येतो.

२२/
काही कंपन्यांच्या योजनांत तिसऱ्या प्रकारचाही पैसा असतो : कर भरून टाकलेला, पण रॉथ नसलेला. त्याची मुद्दल काढताना कर नाही, वाढीवर मात्र आहे. २०१४ पर्यंत अडचण अशी होती की, खात्यातून पैसे काढले की करपूर्व आणि करोत्तर भाग प्रमाणात मिसळून निघत. त्या वर्षीच्या २०१४-५४ क्रमांकाच्या सूचनेने अमेरिकी महसूल विभागाने मार्ग मोकळा केला. एकाच वेळी निघालेल्या रकमेतला करोत्तर भाग रॉथ खात्यात आणि करपूर्व भाग पारंपरिक खात्यात पाठवता येऊ लागला. प्रत्येक भागाची ओळख शाबूत राहिली.

२३/
ही ओळख टिकते ती १०९९-आर नावाच्या एका पानावर. समजा, करोत्तर वर्गणी २०,००० डॉलर, त्यावर वाढ ५०० डॉलर, आणि सारी रक्कम थेट रॉथ खात्यात गेली. पहिल्या चौकटीत एकूण २०,५००. पाचव्या चौकटीत आधीच कर भरलेले २०,०००. चौकट २ए मध्ये करपात्र फक्त ५००. सातव्या चौकटीत थेट हस्तांतरणाचे ‘जी’ हे चिन्ह. विवरणपत्रात एकूण रक्कम एका रकान्यात आणि करपात्र रक्कम शेजारच्या रकान्यात लिहायची. जर ५०० डॉलरांची वाढ पारंपरिक खात्याकडे वळवली, तर सहसा दोन वेगळी पाने येतात आणि त्या वर्षी करपात्र काही उरत नाही.

२४/
चूक कुठे होते, हे आता उघड आहे. २०,५०० हा आकडा घाईने करपात्र रकान्यात गेला, तर ज्या २०,००० वर कर पगारातूनच गेला होता त्यावर तो दुसऱ्यांदा भरला जातो. पाचवी चौकट ही त्या धारकाची सनद आहे. ती वाचली नाही किंवा जपली नाही, तर हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याकडे पावती नव्हती. आजच्या बचतदाराकडे ती असते. ती ओळखणे तेवढे त्याच्या हाती आहे.

२५/
देश बदलला की आणखी एक गाठ पडते. निवासी भारतीयाचे जगभरचे उत्पन्न येथे करकक्षेत येते. अमेरिकेत कर पैसे काढताना, आणि भारतात मात्र वाढ होताना, असे झाले तर दोन्ही देशांच्या करांची वर्षेच जुळत नाहीत. म्हणून २०२१ मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम ८९क आले. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांतल्या, पैसे काढताना कर लागणाऱ्या निवृत्ती खात्यांना, १०-ईई हा फॉर्म भरून, तोच मुहूर्त भारतातही मिळू लागला. एका राज्याने दिलेली माफी दुसऱ्या राज्यावर आपोआप बंधनकारक नसते. १८१८ नंतर मराठी इनामदारांनी हाच धडा घेतला होता.

२६/
शेवटी ‘कायमचे’ या शब्दाविषयी. १८६३ मध्ये सरकारने वंशपरंपरेची, कायमची हमी दिली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५२ चा वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा केला आणि तो १९५३ मध्ये अमलात आला. व्यक्तींची इनामे संपली. त्या जमिनींवर पूर्ण सारा लागू झाला. नव्वद वर्षांत ‘कायमचे’ संपले. समतेच्या दृष्टीने तो निर्णय आवश्यकच होता, असे अनेकांना वाटले. देवस्थान इनामे त्या कायद्याच्या बाहेर ठेवली गेली. विकता न येणारी, म्हणजे मुळात कमी मोकळीक असलेली सवलतच अधिक टिकली.

२७/
म्हणून उद्याच्या करमाफीसाठी आज कर भरणारा प्रत्येक जण दोन गोष्टींवर विसंबतो. एक, राज्य आपला शब्द पाळील. दुसरी, शब्द दिल्याचा आणि कर भरल्याचा कागद आपल्यापाशी असेल. पहिली गोष्ट नागरिकाच्या एकट्याच्या हातात नाही. ती विधिमंडळे, आंदोलने आणि काळ ठरवतात. दुसरी मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे. इनाम कमिशनसमोर ज्यांचे दप्तर नीट होते त्यांना निदान आपली बाजू मांडता आली. ज्यांचे नव्हते त्यांना जुडी देऊन मोकळे व्हावे लागले, किंवा सारेच गमवावे लागले.

२८/
भाद्रपदात पालखी पुन्हा मोरगावला जाईल. वाटेतल्या गावांतून कोणी निवृत्त शिक्षक, कोणी साखर कारखान्यातला कामगार, कोणी परदेशातल्या लेकाकडून परतलेले आईवडील दर्शनाला उभे असतील. त्यांच्या घरी कपाटात एक फाइल असते. वेतनचिठ्ठ्या, निधीची विवरणे, कर भरल्याच्या पावत्या, कधी एखादे जुने खरेदीखत. मुलांना ती रद्दी वाटते. पुण्याच्या दप्तरखान्यातले रुमालही कधीकाळी कोणाच्या तरी घरची रोजची कागदपत्रेच होती. ती फाइल टाकून देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. एकदा चुकता झालेला कर पुन्हा भरावा लागू नये, याची सोय तीत असते.